जुनी मूर्ती कोणाच्या मालकीची?

काही वर्षांपूर्वी आमच्याच किनारपट्टीवरील एका जुन्या धर्मग्रामात सणाच्या मिस्सेला जाण्याचा योग आम्हांला आला. ख्रिस्तमंदिराचे नूतनीकरण नुकतेच पार पडले होते. संगमरवरी फरशी चकाकत होती, वेदीमागील भिंत नव्या लाद्यांनी मढविली होती आणि जिकडेतिकडे विजेच्या माळा लुकलुकत होत्या. डाव्या बाजूच्या कोनाड्यापाशी मात्र आमची पावले थबकली. त्या कोनाड्यात आमच्या लहानपणी दुःखी मातेची लाकडी मूर्ती उभी असे. काळपट पडलेला निळा झगा, त्याच्या काठाला कोठे कोठे उरलेला सोन्याचा वर्ख, छातीशी जुळलेले हात आणि किंचित कललेली मान. उपवासकाळात गावातील म्हाताऱ्या बायका तिच्यापुढे बसून प्रार्थना म्हणत, तेव्हा त्यांच्या आणि तिच्या चेहऱ्यांत आम्हां मुलांना फारसा फरक दिसत नसे. आता तेथे फायबरची माता उभी होती. गोरीपान, गुलाबी गालांची, ओठ रंगविलेली आणि दुःखी असण्याचे कोणतेही कारण नसलेली. खाली काळ्या दगडाच्या पाटीवर दात्याच्या कुटुंबाचे नाव सोनेरी अक्षरांत कोरले होते.

जुनी माता कोठे गेली, असे आम्ही विचारले. एक गृहस्थ म्हणाले, माळ्यावर असेल. माळ्यावर ती नव्हती. दुसरे म्हणाले, वाळवी लागली होती, जाळली असेल. तिसरे गृहस्थ वयाने मोठे होते. त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन हळूच सांगितले की, जुन्या लाकडी वस्तूंचे शौकीन असलेले कोणी साहेब शहरातून आले होते, त्यांनी नेली. बदल्यात त्यांनी देवळाला चार पंखे दिले. मिस्साभर ते पंखे आमच्या डोक्यावर फिरत होते.

हा लेख त्या धर्मग्रामावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही लिहीत नाही, म्हणून त्याचे नावही घेत नाही. तेथील माणसे श्रद्धाळू आहेत, कष्टाळू आहेत आणि देवळासाठी खिशात हात घालताना मागेपुढे पाहणारी नाहीत. परंतु हीच गोष्ट थोड्याफार फरकाने इतरत्र घडत असल्याचे आम्ही पाहतो. कोठे लाकडी संत अंतोनी पोटमाळ्यावर धूळ खात पडले आहेत, कोठे संत सेबास्तियनच्या अंगावर सणापूर्वी दरवर्षी ऑइलपेंटचा नवा हात बसतो आहे, तर कोठे अख्खी जुनी वेदी सुट्या फळ्यांच्या भावाने गेली आहे. म्हणून आम्हांला एकच प्रश्न स्पष्टपणे विचारावयाचा आहे: जुनी मूर्ती कोणाच्या मालकीची? ती आजच्या समितीची आहे काय? आजच्या प्रमुख धर्मगुरूंची आहे काय? देणगीदाराची आहे काय? आमचे उत्तर असे की ती यांपैकी कोणाचीही नाही. तिच्यापुढे गुडघे टेकून जे मातीआड गेले त्यांची आणि जे अद्याप बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आलेले नाहीत त्यांचीही ती आहे. आजची पिढी तिची राखणदार आहे, इतकेच.

यावर पहिला आक्षेप येतो तो धार्मिक स्वरूपाचा. 'देव काय लाकडात आहे? आपण लाकडाला भजतो काय?' असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे. ७८७ साली नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने शिकविले की प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेच्या मूळ व्यक्तीकडे जातो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ च्या डिसेंबरमध्ये तीच शिकवण पुन्हा सांगितली आणि प्रतिमेच्या ठायी कोणतीही दैवी शक्ती वसते असे मानू नये, हेही बजावले. आम्हांला ही शिकवण मान्य आहे. परंतु तिच्यापासून जुनी मूर्ती विकण्याचा परवाना कसा निघतो, ते आम्हांला समजत नाही. देव लाकडात नाही हे खरे असेल, तर तो फायबरमध्येही नाही. मग लाकडी मूर्ती हलवून फायबरची आणण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आईचे छायाचित्र म्हणजे आई नव्हे, हे लहान मुलालाही कळते. तरीही आईचे एकुलते एक जुने छायाचित्र कोणी रद्दीवाल्याला देत नाही.

दुसरा आक्षेप असा की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मूर्तींना रजा दिली. हा गैरसमज आपल्या समाजात किती खोल रुजला आहे, हे पाहून आम्हांला खेद होतो. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने मूर्तींची संख्या बेताची असावी आणि त्यांची मांडणी योग्य असावी, असे सांगितले खरे. परंतु त्याच वाक्यात ख्रिस्तमंदिरांत भाविकांच्या भक्तीसाठी पवित्र प्रतिमा ठेवण्याची प्रथा दृढपणे राखावी, असेही सांगितले. पुढच्याच परिच्छेदात महागुरुस्वामींना जागरूक राहण्याची आज्ञा आहे: पवित्र वस्तू आणि मौल्यवान कलाकृती देवाच्या घराचे अलंकार आहेत, त्या विकल्या जाऊ नयेत वा विखुरल्या जाऊ नयेत. परिषदेच्या नावाखाली जुन्या वस्तू मोडीत निघू लागल्या, तेव्हा १९७१ साली रोममधून एक परिपत्रक काढून जगभरच्या धर्मप्रांतांना या उधळपट्टीविषयी सावध करावे लागले. तेव्हा परिषदेचा आधार घेऊन मूर्ती हलविणाऱ्यांनी परिषदेचा दस्तऐवज एकदा तरी उघडून पाहावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

ख्रिस्तसभेचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११८९ असे सांगते की प्राचीनता, कला किंवा लोकांची भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची डागडुजी महागुरुस्वामींच्या लेखी परवानगीवाचून कदापि करू नये, आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कलम ११९० त्याच्याही पुढे जाते. ज्या प्रतिमेविषयी एखाद्या देवळात लोकांना मोठा भक्तिभाव आहे, ती रोमच्या परवानगीवाचून कोणाला देता येत नाही किंवा कायमची दुसरीकडे हलविता येत नाही. कलम १२८३ नुसार देवळाच्या मालमत्तेची, त्यातील मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंसह, अचूक यादी असली पाहिजे आणि तिची एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरी असली पाहिजे. अशा याद्या करण्याची निकड सांगणारे आणखी एक परिपत्रक रोमने १९९९ साली पाठविले. आपल्या देशाच्या कायद्याचीही येथे आठवण ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पाकृती पुरावस्तू ठरते; तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर रोमची परवानगी लागते, तो प्रश्न आमच्याकडे रविवारच्या मिस्सेनंतर चहाच्या पेल्यावर निकालात निघतो, आणि त्याची किंमत चार पंखे ठरते!

आता त्या ऑइलपेंटविषयी. सणाच्या आधी 'मूर्ती नवी करणे' हे भक्तीचे काम आहे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. म्हणून जुनी लाकडी मूर्ती कशी घडते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारागीर आधी मुरलेले लाकूड निवडतो. आपल्याकडे बहुधा ते सागवान असे. मोठ्या मूर्तीची पाठ तो आतून पोखरतो, कारण भरीव ओंडका वाळताना तडकतो. हात, मनगटे, कधी मस्तकही वेगळे कोरून खुंट्यांनी आणि सरसाने जोडले जाते. गुड फ्रायडेच्या दिवशी क्रुसावरून उतरवावयाच्या ख्रिस्तमूर्तीचे तर खांदेही सांध्यांचे असतात, म्हणजे हात मिटून तिला शवशय्येवर ठेवता यावे. कोरीव काम संपले म्हणजे सगळ्या लाकडावर सरस आणि खडूच्या पांढऱ्या लेपाचे एकावर एक हात दिले जातात व ते घासून गुळगुळीत केले जातात. वस्त्रे सोनेरी करावयाची असतील तेथे तांबूस मातीचा पातळ थर, त्यावर सोन्याचा वर्ख आणि मग गुळगुळीत दगडाने घोटणे. त्या सोन्यावर रंग चढवून तो अणकुचीदार काडीने ओरखडला की खालचे सोने उमटते आणि जरीची वेलबुट्टी तयार होते. चेहऱ्याचा व हातांचा त्वचावर्ण अगदी शेवटी, पातळ थरांनी येतो. डोळ्याखालची निळसर छटा, ओठाच्या कडेची फिकट रेघ, गालावरचा एखादा अश्रू ही सारी त्या शेवटच्या थरांतील करामत असते.

अशा चेहऱ्यावर बाजारातील डब्यातला रंग फिरविला म्हणजे काय होते? कोरीव रेषा बुजतात. पापणी आणि डोळा एक होतो. रंगाच्या बंद कवचाखाली लाकडातील ओल कोंडते आणि खालचा खडूचा लेप पोपडे धरून सुटू लागतो. पुढच्या वर्षी ते पोपडे खरवडून काढले जातात आणि त्यांच्याबरोबर दोनशे वर्षांपूर्वीचे सोने केरात जाते. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. स्पेनमधील नवारा प्रांतात एस्तेल्या नावाचे गाव आहे. तेथील संत मायकलच्या देवळात संत जॉर्जची सोळाव्या शतकातील लाकडी मूर्ती होती. २०१८ साली ती स्वच्छ करण्याचे काम धर्मग्रामाने हस्तकलेच्या एका शिक्षिकेवर सोपविले. मूर्ती बाहेर आली तेव्हा तो प्राचीन वीर मुलांच्या चित्रपुस्तकातील शिपायासारखा दिसत होता. साऱ्या जगाने त्याची टिंगल केली. त्यानंतर तज्ज्ञांनी तो नवा रंग कणाकणाने उतरविला, त्यासाठी सुमारे ३० हजार युरो खर्च झाले आणि तरीही मूळ रंगाचा काही भाग कायमचा गेला. त्याच वर्षी त्याच देशातील रान्यादोइरो या खेड्यात पंधराव्या शतकातील लाकडी मूर्तींना भडक रंग फासले गेले, तेही धर्मगुरूंच्या संमतीने. दोन्ही ठिकाणी हेतू शुद्ध होता. शुद्ध हेतूने केलेली हानी भरून निघत नाही, एवढाच धडा आम्ही त्यातून घेतो.

तिसरा आक्षेप आजकाल सुशिक्षितांकडून येतो आणि त्याला आम्ही गांभीर्याने उत्तर देऊ इच्छितो. ते म्हणतात, 'या मूर्ती पोर्तुगीजांच्या. परकीय सत्तेची ती खूण. भारतीय ख्रिस्ती म्हणून आम्ही त्या कशाला जपाव्यात?' परकीय सत्तेने आमच्या पूर्वजांवर केलेल्या जुलमांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु या मूर्ती कोरणारे हात कोणाचे होते, हे एकदा पाहावे. गोव्याच्या १५६७ सालच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्तीतर कारागिरांकडून उपासनेच्या वस्तू करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचा अर्थ ते काम तेव्हाही त्याच हातांनी चालले होते. आणि मनाईनंतरही ते थांबले नाही, कारण तसे कसबी हात दुसरीकडे नव्हतेच. येथील सुतार, चारी, मेस्त यांनी लिस्बनहून आलेली चित्रे पाहिली आणि आपल्या हाताला ठाऊक असलेल्या वळणाने ती लाकडात उतरविली. म्हणून गोव्यातील काही जुन्या प्रवचनपीठांच्या तळाशी नागकन्या भार वाहताना दिसतात. म्हणून आमच्या जुन्या देवदूतांचे गाल कोकणी पोरांसारखे आहेत आणि आमच्या जुन्या मातेची केशरचना लिस्बनच्या सरदारणीची नाही.

याउलट ज्या नव्या मूर्तींना आपण 'खऱ्या कॅथलिक' समजतो, त्यांचे कूळ कोठले? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील सेंट सुलपीस देवळाच्या परिसरातील दुकानांतून प्लॅस्टरच्या साच्यातील मूर्ती जगभर जाऊ लागल्या. एकच गोरा चेहरा, एकच निळा पट्टा, एकच गोड हास्य. आजच्या फायबरच्या मूर्ती बव्हंशी त्याच साच्यांच्या नकला आहेत. म्हणजे परकीय म्हणून आपण जी मूर्ती टाकतो ती आपल्या सुताराने कोरलेली असते, आणि तिच्या जागी जी आणतो ती फ्रान्समधील जुन्या दुकानाची नक्कल असते. देशीकरणाचा याहून उलटा अर्थ दुसरा कोणता असेल?

मूर्ती मोडली, झिजली, हात तुटला, म्हणून ती बदलावी लागते, असेही सांगितले जाते. वांद्र्याच्या डोंगरावरील मोत माउलीपुढे आपल्यापैकी कोण उभे राहिलेले नाही? तिची मूर्ती लाकडाची आहे. परंपरा सांगते की १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी देवळावर हल्ला केला आणि मूर्तीच्या हातातील वस्तू सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला. त्या वेळच्या लोकांनी ती मूर्ती फेकली नाही. पुढे तिची दुरुस्ती झाली ती तुटलेला हात झाकेल अशा रीतीने बाळ येशू तिच्यापाशी देऊन. आजचे मंदिर १९०४ सालचे आहे, पण त्याच्या वेदीवर तीच मोडक्या हाताची माता आहे, आणि दर सप्टेंबरात लाखो माणसे तिच्याकडे येऊन मेणाचे हात आणि मेणाचे पाय तिच्या चरणी वाहतात. त्या काळी एखाद्या हौशी समितीने 'हात तुटलेली मूर्ती अशोभनीय दिसते' असा ठराव केला असता, तर आज त्या डोंगरावर काय उरले असते?

नाशिकरोडच्या यात्रेला जाणारी कुटुंबे ज्या बाळ येशूची भक्ती करतात, त्याच्या मूळ मूर्तीची कथाही अशीच आहे. प्राग शहरातील ती लहानशी मूर्ती लाकडी गाभ्यावर मेण चढवून केलेली आहे. लोबकोवित्झ घराण्यातील पोलिक्सेना या स्त्रीने ती १६२८ साली कार्मेल संघाच्या मठाला दिली. तीन वर्षांनी सॅक्सन सैन्याने मठ लुटला आणि मूर्ती वेदीमागच्या अडगळीत जाऊन पडली. काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. मठ दरिद्री होता. तरीही त्या धर्मगुरूंनी नवी मूर्ती मागितली नाही, त्याच मूर्तीला हात मिळवून दिले. आणि फातिमा? आपल्या घराघरांत, देवळादेवळांत फातिमामातेच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती आहेत. पण फातिमा येथील लहान प्रार्थनामंदिरात जी मूळ मूर्ती आहे, ती झोझे फेरेरा थेदिम या शिल्पकाराने १९२० साली ब्राझिलच्या सीडर लाकडात कोरलेली आहे. १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर झाडलेली गोळी त्या लाकडी मातेच्या मुकुटात बसविली आहे. लाकडाचा ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी याचा विचार करावा.

इतिहासाने आपल्या डोळ्यांसमोर आणखी एक उदाहरण ठेवले आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देवळांतील घंटा नेल्या आणि आपल्या मंदिरांत टांगल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची अशी एक घंटा आजही आहे. भीमाशंकरला आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आहे. ती माणसे आमच्या धर्माची नव्हती. ती युद्ध जिंकून आली होती. तरी त्यांनी त्या घंटा वितळवून पैसा केला नाही. देवाच्या घरची वस्तू देवाच्याच दारी बांधली. जेत्यांनी परक्यांच्या घंटा जपल्या, आणि आम्ही आमच्या स्वतःच्या मातेला चार पंख्यांवर दिले. ही तुलना कडू आहे, याची आम्हांला जाणीव आहे.

आता व्यावहारिक अडचणींकडे वळू. वाळवी खरी आहे, कोकणातील पावसाळी ओल खरी आहे, तज्ज्ञांचा खर्चही खरा आहे. परंतु मूर्तीची निम्मी काळजी पैशावाचून घेता येते. तिला ओल्या भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवावे. तिच्या पायांशी मेणबत्त्या पेटवू नयेत, त्यासाठी वेगळा स्टँड असावा. तिच्या गळ्यात पाणी गळणारे ताजे हार घालू नयेत. ती धुऊ नये, तेल लावून चमकवू नये. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी आणि रंग सुटत असेल तेथे तोही लावू नये. पायथ्याशी बारीक भुसा पडलेला दिसला की मूर्ती इतर लाकडापासून वेगळी करावी आणि जाणत्या माणसाला बोलवावे. असे जाणते आपल्यापासून फार दूर नाहीत. गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयाची स्थापना १९९४ साली राशोल सेमिनरीत झाली, २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले आणि नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा खुले झाले. मुंबई सरधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगाव येथे आहे. एक पत्र लिहिण्यास किती खर्च येतो?

आम्ही नव्या मूर्तींचे वैरी नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. नवे ख्रिस्तमंदिर उभे राहते, जवळ पैसा बेताचा असतो, तेथे प्लॅस्टरची वा फायबरची मूर्ती आणली तर त्यात पाप नाही. आमच्या आज्यांनी प्लॅस्टरच्या मूर्तीपुढे केलेल्या प्रार्थना देवाने कमी ऐकल्या, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमचा विरोध आहे तो जुनी बाहेर काढून नवी बसविण्याला, आणि दात्याच्या पाटीसाठी जागा हवी म्हणून संताची जागा रिकामी करण्याला. ज्या सद्गृहस्थांना दान द्यावयाचे आहे, त्यांनी जुन्या मूर्तीच्या जतनासाठी द्यावे. फायबरपेक्षा ते दान अधिक टिकेल. आणि नवीच हवी असेल, तर एखाद्या हयात कारागिराकडून ती लाकडात कोरून घ्यावी. गोव्यात आजही कोरक्ये आहेत. लाकूड घडविण्याची आणि त्यावर रंग चढविण्याची विद्या सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी राखली आहे. त्यांना काम देणारे आपण नसलो, तर पुढच्या पिढीत ते हात दुसऱ्या कामाला लागतील, आणि मग लाकडी मूर्ती हवी म्हणणाऱ्यालाही ती मिळणार नाही.

हे सारे केवळ धर्मगुरूंना आणि समित्यांना उद्देशून नाही. वाचकहो, आपल्या घरच्या आल्तारकडे एकदा पाहा. आजोबांच्या काळची वीतभर उंचीची लाकडी माता, एक हात नसलेला संत जोसेफ, काळा पडलेला क्रूस. जुन्या फर्निचरचे दलाल गावोगाव फिरतात, ते उगाच नव्हे. घराची वाटणी होते, जुने घर पाडून इमारत उभी राहते, आणि नव्या सदनिकेत जुन्या आल्तारला भिंत मिळत नाही. त्या दिवशी घरातील सर्वांत लहान मुलाला जवळ बोलावून विचारा की ही मूर्ती कोणाची. तो म्हणेल, आपली. त्याचे ते उत्तर मोडू नका. घरात खरोखर जागा नसेल, तर ती मूर्ती नातलगांत द्या, धर्मग्रामाला द्या, संग्रहालयाला द्या, पण विकू नका. आणि जी मूर्ती लाकडाचा भुगा होऊन सावरण्यापलीकडे गेली असेल, ती उकिरड्यावर न टाकता आदराने अग्नीला देऊन तिची राख पवित्र भूमीत पुरा. आपल्या वाडवडिलांची रीत तीच होती.

आमची मागणी मोजकी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने या वर्षाच्या आत आपल्या देवळातील, सांक्रिस्तीतील आणि माळ्यावरील प्रत्येक जुन्या मूर्तीचे छायाचित्र काढावे, तिची उंची मोजावी, तिच्याविषयी वृद्धांना जे आठवते ते लिहून घ्यावे आणि त्या यादीची एक प्रत महागुरुस्वामींच्या कार्यालयात द्यावी. लेखी परवानगीवाचून कोणत्याही जुन्या मूर्तीला ब्रश लागू नये. जी मूर्ती वेदीवर ठेवता येत नाही, तिला देवळातच एखादा कोनाडा मिळावा, माळा नव्हे. यात अशक्य असे काय आहे? याद्या करण्यास आपले तरुण पुरेसे आहेत. त्यांच्या खिशात आज छायाचित्र काढण्याचे साधन आहे, आणि आठवणी सांगणारी म्हातारी माणसे अजून हयात आहेत. ती फार दिवस असणार नाहीत.

त्या दुःखी मातेचा माग आम्ही पुढेही काढून पाहिला. ती मिळाली नाही. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, दिव्याच्या झोतात ती उभी असेल, आणि पाहुणे तिच्या झग्यावरील उरल्यासुरल्या सोन्याची वाखाणणी करीत असतील. तिच्यापुढे बसून कोणी प्रार्थना म्हणत नसेल. ज्या म्हाताऱ्या म्हणत असत, त्यांपैकी एक अजून त्या धर्मग्रामात आहेत. नव्या कोनाड्यापुढे त्या बसत नाहीत. शेवटच्या बाकावर बसतात. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बाबा, ती मला ओळखत नाही."